हार्टच्या उपचारानंतर हॉस्पिटलचे आभार मानायला गावात दौड कशी घ्यायची

मागच्या जानेवारीत आम्ही गावात ५ किलोमीटरची दौड घेतली, ज्या हॉस्पिटलने मला वाचवलं त्यांच्यासाठी. तेव्हापासून आजूबाजूच्या गावांतून फोन सुरूच आहेत, ताई परवानगी कुठून काढली, पैसे कसे दिले, ॲम्ब्युलन्स कोणी दिली, आमच्या बाबांचं पण ऑपरेशन झालंय आम्हालाही करायचंय. प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून ठेवते.

मी अंगणवाडी सेविका, यवतमाळ जिल्ह्यातलं कापसाचं गाव आमचं. त्या दिवशी पोरांची खिचडी वाढता वाढता जबडा दुखायला लागला, मग पाठीत वरच्या बाजूला, मग घाम आणि मळमळ. छातीत काहीच नव्हतं. पित्त झालं असेल म्हणून मीच गोळी घेतली, पडून राहिले, दोन तास गेले. शेवटी आशाताई आल्या आणि त्यांनी माझं काहीएक न ऐकता गाडीत घातलं, तालुक्याला ईसीजी निघाला, तिथून थेट नागपूर, आणि त्याच दिवशी स्टेंट पडला, म्हणजे हार्टच्या बंद झालेल्या रक्तवाहिनीत जाळीची बारीक नळी बसवली. महात्मा फुले योजनेत बसलं म्हणून पैशाचा प्रश्न आला नाही. बायकांना अटॅक असाही येतो, छातीत कळ न येता जबडा, पाठ, मळमळ, दम, भलताच थकवा. हे मी सगळ्यात आधी लिहिते कारण आमच्या दौडीच्या पत्रकावरही हेच सगळ्यात वर छापलं होतं, दौडीचं नाव त्याच्या खाली.

आता तुम्ही स्वतः पेशंट असाल आणि धावायचंही मनात असेल तर पहिलं काम डॉक्टरांना विचारणं, आणि विचारणं म्हणजे ओपीडीतून निघता निघता दारात नाही, खुर्चीत बसून नीट. मी दोन महिन्यांनी फॉलोअपला विचारलं, सर म्हणाले आधी चाला. मग टू डी इको झाला, म्हणजे हार्टची सोनोग्राफी, पुढे टीएमटी झाली, म्हणजे पट्ट्यावर चालवून ईसीजी बघतात ती, आणि त्यानंतरच हळू पळायची परवानगी मिळाली. प्रत्येकाचं वेगळं असतं. बायपासमध्ये छातीचं मधलं हाड कापून जोडलेलं असतं, ते भरायलाच ६ ते १२ आठवडे लागतात. कुणाच्या हार्टचं पंपिंग कमी असतं त्याला चालणंच योग्य. शेजारच्या गावातल्या भाऊंना परवानगी मिळाली म्हणून तुम्हाला मिळेलच असं नाही.

माझं कसं झालं ते सांगते, हा तक्ता म्हणून घेऊ नका. पहिला महिना घरून हनुमान मंदिरापर्यंत आणि परत, सकाळ संध्याकाळ, दहा-दहा मिनिटं. तिसऱ्या महिन्यात सलग ४० मिनिटं चालणं. पाचव्या महिन्यापासून ४ मिनिटं चालायचं १ मिनिट पळायचं, असं सहा-सात वेळा. पुढे पळणं वाढवत चालणं कमी केलं आणि चौदाव्या महिन्यात ५ किलोमीटर. सासूबाई रोज म्हणायच्या, काहून धावतं वं बाई, जीव वाचला तेवढा पुरे नाही का. नंतर त्याच मंदिरापर्यंत सोबत यायला लागल्या.

दोन गोष्टी मला कोणी आधी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं. पहिली, माझ्या गोळ्यांत मेटोप्रोलॉल आहे, ती गोळी ठोके फार वाढू देत नाही, त्यामुळे हातातलं घड्याळ ठोके कमी दाखवतं आणि आपल्याला वाटतं अजून जोर लावता येईल. घड्याळापेक्षा बोलून बघा. सोबतच्या बाईशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येत असेल तर थोडा वेग वाढवायला हरकत नाही, पण वाक्य तुटायला लागलं की हळू व्हायचं. दुसरी, स्टेंटनंतर रक्त पातळ करायच्या गोळ्या असतात, एस्पिरिन आणि तिच्यासोबत दुसरी एक, बहुतेकांना वर्षभर दोन्ही. त्या चालू असताना गिट्टीवर पडलात तर रक्त लवकर थांबत नाही, म्हणून तळ घासलेल्या चपलेवर धावायचं नाही. आणि धावायचंय म्हणून गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत, स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. धावताना छातीत दाब, जबड्यात किंवा हातात दुखणं, चक्कर, थंड घाम, यातलं काही एक जरी झालं तरी तिथेच खाली बसायचं, पुढच्या दगडापर्यंत जाऊन बघू असं नाही.

आता हॉस्पिटल. दौडीची तारीख ठरवायच्या आधी हॉस्पिटलमध्ये जाऊन विचारा की तुम्हाला काय पाहिजे. आमच्या डोक्यात होतं मोठं मशीन घेऊन देऊ, दहा गावं मिळून वर्गणी करू. मी वॉर्डच्या सिस्टरना भेटले, मी ॲडमिट असताना त्याच होत्या. त्या म्हणाल्या मशीन सरकारकडून, कंपन्यांकडून येतात हो ताई, पण व्हीलचेअरची चाकं तुटलीत तर नवी यायला वेळ लागतो, आणि हिवाळ्यात पेशंटसोबतची माणसं व्हरांड्यात फरशीवर झोपतात, त्यांना पांघरायला काही नसतं. तेव्हा मला आठवलं, माझा नवरा पाच रात्री तिथेच फरशीवर झोपला होता, ॲडमिशनच्या घाईत घरून अंगावरच्या शर्टावर निघाला होता. आपल्याकडचा पेशंट नागपूर, सेवाग्राम, सावंगी, अमरावती जिथे जाईल तिथे लांबूनच जातो आणि सोबतचा माणूस रिकाम्या हातानेच पोचलेला असतो. म्हणून आम्ही ठरवलं ब्लँकेट आणि व्हीलचेअर. मशीनपेक्षा लहान वाटेल, पण त्यांनी मागितलेलं होतं.

विचारताना एवढं पक्कं करा की वस्तू चालेल की पैसे, आणि पैसे असतील तर कोणत्या खात्यात. सरकारी हॉस्पिटल असेल तर रुग्ण कल्याण समिती असते, तिच्या नावाने देता येतं आणि पावती मिळते. ट्रस्टचं हॉस्पिटल असेल तर ट्रस्टच्या ऑफिसात विचारा, ८०जी, म्हणजे देणगीवरची टॅक्सची सूट, आहे का तेही विचारा, कारण नोकरीवाले आणि दुकानदार हमखास विचारतात. त्यात एक लक्षात ठेवायचं, २००० रुपयांच्या वर रोख दिलं तर टॅक्सची सूट मिळत नाही, म्हणून मोठी रक्कम चेकने किंवा ऑनलाइनच घ्या. वस्तू देणार असाल तर त्यांच्याकडून लेखी घ्या की अमुक मापाची अमुक नग चालेल. आम्ही आधी लोकरीचं ब्लँकेट बघितलं होतं, सिस्टर म्हणाल्या नको, धुवायला जड जातं आणि वाळत नाही, सुती-मिक्स घ्या. विचारलं नसतं तर तसंच पडून राहिलं असतं.

तारीख. जागतिक हृदय दिन २९ सप्टेंबरला असतो आणि सगळ्यांना तोच दिवस सुचतो, पण आपल्याकडे त्या वेळी सोयाबीन काढणीला आलेलं असतं, वरून पाऊस, पांदणीत काळा चिखल, कोणी येणार नाही. उन्हाळ्यात तर विषयच नाही. आम्ही संक्रांतीनंतरचा रविवार धरला. त्यातही कापसाची वेचणी चालू असते आणि वेचणीची मजुरी किलोवर, म्हणजे बाई जितकी उशिरा शेतात पोचली तितके पैसे गेले. म्हणून आम्ही पत्रकावरच लिहिलं की ९ वाजता सगळं संपेल, आणि ९ ला संपवलं. भाषणं ठेवलीच नाहीत. बायका आल्या त्या एवढ्यामुळेच.

वेळ ठेवली साडेसात. शहरात अशा दौडी पहाटे साडेपाचला सुटतात, पण जानेवारीत आपल्याकडे सूर्यच पावणेसातच्या पुढे उगवतो आणि गारठा असा असतो की श्वास आत घेताना छाती आखडते. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, हार्टवाल्या माणसाला ते चांगलं नाही. ऊन अंगावर येऊ द्या, दहा मिनिटं हातपाय हलवून घ्या, कानाला स्कार्फ असू द्या, मग सोडा.

परवानग्यांचं थोडक्यात सांगते. ग्रामपंचायतीचं ना हरकत पत्र, ते लावून पोलीस स्टेशनला अर्ज, त्यातच लाऊडस्पीकरचं लिहायचं, आणि पोलीस पाटलांना पहिल्या दिवसापासून सोबत ठेवायचं. महिनाभर आधी द्या म्हणजे धावपळ होत नाही. रस्ता बांधकाम विभागाचा असेल तर त्यांनाही एक पत्र. गावात लोकांकडून पैसे गोळा करणार असाल आणि तुमची नोंदणी झालेली संस्था नसेल तर गणपती मंडळं जशी वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसातून कलम ४१क ची परवानगी घेतात तशी घ्यायची, जिल्ह्याच्या ठिकाणी सहायक धर्मादाय आयुक्तांचं ऑफिस असतं. लोक म्हणतात कायले एवढं, आपलंच गाव आहे. पण दुसऱ्याच्या नावाने आपण पैसे घेतोय, तेही हॉस्पिटलच्या, तेव्हा एक कागद कमी असलेला चालत नाही.

रस्ता निवडताना आमची चूक झाली होती ती सांगते. आधी गोल रस्ता काढला होता, गावातून निघून नाल्यावरून पांदणीने परत गावात, दिसायला छान. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टर मॅडमनी तो बघितला आणि विचारलं, नाल्याच्या पलीकडे कोणी पडलं तर गाडी कुठून आणणार? उत्तर नव्हतं. मग सरळ डांबरी रस्ता घेतला, अडीच किलोमीटर जायचं आणि त्याच रस्त्याने परत. यात ॲम्ब्युलन्स बरोबर मधे उभी करता येते, म्हणजे कोणीही कुठेही पडलं तरी सव्वा किलोमीटरच्या आत. पाण्याचं एकच टेबल जाताना पण कामी येतं आणि येताना पण. आणि मागे राहिलेल्या माणसाला समोरून परत येणारी माणसं दिसतात, तो एकटा पडत नाही.

अंतर मोजायला बाईकच्या मीटरवर भरवसा ठेवू नका. सायकलच्या चाकाचा घेर टेपने मोजा, दोन मीटरच्या थोडा वर येतो, टायरला पांढरी दोरी बांधा आणि हळू ढकलत फेरे मोजत जा, अडीच किलोमीटरला हजार-बाराशे फेरे होतात. आमच्या पोलीस भरतीच्या पोट्ट्यांनी हे केलं. ही पोरं प्रत्येक गावात आहेत, रोज पहाटे १६०० मीटरची तयारी करतात, पोरी ८०० ची, आणि त्यांना धावण्यातलं आपल्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं. मी त्यांना एकदाच म्हटलं की मदत पाहिजे, तर म्हणाले हाव ना बाई, सांगा फक्त. दर ५०० मीटरवर एक पोरगा, गळ्यात शिट्टी, अंगात चमकणारं जॅकेट. शिट्टी यासाठी की आमच्या रस्त्यावर एका वळणाला मोबाईलला रेंजच नसते, तुम्हीही आधी पूर्ण रस्ता चालून रेंज बघून घ्या. कुत्र्यांचं, ट्रॅक्टरचं, पहिल्या एसटीचं टाइमटेबलही त्याच फेरीत बघा. जिनिंगला जाणाऱ्या कापसाच्या गाड्यावाल्यांना आदल्या रात्री घरी जाऊन सांगितलं, सगळे दीड तास थांबले.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कोणाला काही झालं तर. हार्टच्या नावाने दौड आणि त्यात कोणाचं हार्ट बंद पडलं तर त्या हॉस्पिटलला आपण काय तोंड दाखवणार? म्हणून फॉर्मवरच विचारा, बीपी, शुगर, हार्टचा आजार, चालू गोळ्या, घरच्यांचा नंबर. पन्नाशीच्या वर असेल आणि कधी पळालेच नसतील त्यांना ३ किलोमीटर चालण्यात टाका. हार्ट पेशंटसाठी डॉक्टरांची चिठ्ठी असल्याशिवाय पळायला नाही, सरपंचांचे सासरे असले तरी नाही. आमच्याकडे खरंच एका मोठ्या घरच्या काकांना मी नाही म्हटलं, ते रागावले, मग चालायला आले आणि सगळ्यात शेवटी पोचले तेव्हा अख्खं गाव त्यांच्यासाठी उभं होतं.

ॲम्ब्युलन्ससाठी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र द्या, आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना वेगळं द्या. यात माझं एक कळकळीचं सांगणं आहे, १०२ ची गाडी बाळंतिणींसाठी असते, ती तीन तास दौडीत अडवून ठेवू नका, त्याच वेळी कुठल्या वाडीत पोरगी अडली तर काय. १०८ मिळते का बघा, नाहीतर पैसे देऊन खाजगी ठरवा, आमच्या खर्चातला सगळ्यात मोठा आकडा तोच होता आणि तो योग्यच होता. जवळचं ईसीजी कुठे, त्याच्या पुढे अँजिओप्लास्टी, म्हणजे स्टेंट टाकायचं काम, कुठे होते, रविवारी तिथे कोण असतं, हे एका कागदावर लिहून ड्रायव्हरजवळ आणि डॉक्टरांजवळ ठेवा.

आठवडाभर आधी सीपीआर शिकवून घ्या. आम्ही शाळेत घेतलं, आशाताई, मदतनीस, मास्तर, भरतीची पोरं, बचत गटाच्या बायका. माणूस हाक मारून, हलवून उठत नाही आणि श्वास नीट घेत नाही तर एकाने १०८ लावायचा आणि दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही हात ठेवून जोरात दाबायचं, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०, आणि मदत येईपर्यंत थांबायचं नाही, थकलं की माणूस बदलायचा. तोंडाने श्वास देणं शिकलेलं नसेल तर नुसतं दाबत राहिलं तरी चालतं. बायकांना आधी संकोच वाटत होता, बरगडी मोडली तर असं विचारत होत्या, शिकवणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं बरगडी जुळते. दौडीतून बाकी काही नाही झालं आणि गावात चाळीस लोक हे शिकले एवढंच झालं तरी मी दौड घेईन.

पैसे. फी १०० रुपये ठेवली, शाळेची पोरं फुकट, आणि फी नसलेल्यांनाही नंबर दिला. पैसे कधीही तुमच्या स्वतःच्या फोनपेवर घेऊ नका, तुम्ही कितीही सरळ असाल तरी. हॉस्पिटलची समिती किंवा ट्रस्ट आपला क्यूआर देत असेल तर देणगीसाठी तोच लावा. खर्चाचा पैसा वेगळा, तो दुकानदारांकडून घ्या, आणि देणगीतला एक रुपयाही खर्चाला वळवू नका. कृषी केंद्राने चेस्ट नंबर छापून दिले, पतसंस्थेने जॅकेट दिले, डेअरीवाल्यांनी ताक. वरूडकडच्या एका पाहुण्यांनी संत्र्याचे दोन क्रेट पाठवले. पण खर्राच्या, म्हणजे सुपारी-तंबाखू घोटून देणाऱ्या ठेल्याने, तंबाखूवाल्याने कितीही देऊ केलं तरी नाही म्हणा, २००३ च्या तंबाखू कायद्यात असल्या कंपन्यांच्या प्रायोजकत्वाला तशीही बंदी आहे, आणि माझ्या वॉर्डात माझ्या डाव्या-उजव्या दोन्ही कॉटवर खर्रा खाणारेच होते, एकजण ३४ वर्षांचा. मैदानावर खर्रा घेऊन यायचं नाही हे आम्ही स्पीकरवरून प्रेमाने पण स्पष्ट सांगितलं.

रोजच्या रोज एका वहीत जमा आणि खर्च, दोन बायकांच्या सह्या, आणि दौडीच्या तिसऱ्या दिवशी पूर्ण हिशोब ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. बिलांच्या झेरॉक्ससकट. आमच्या बचत गटाच्या अध्यक्षबाईंना वहीचं सगळं पक्कं येतं, मला येत नाही, म्हणून त्यांच्याकडेच दिलं.

दौडीच्या दिवसाचं फार सांगण्यासारखं नाही. माठातलं पाणी आणि स्टीलचे पेले ठेवा, प्लास्टिकच्या बाटल्यांचा नंतर रस्ताभर कचरा होतो. संत्री, केळी, शुगरवाल्यांसाठी बिस्किटं. उपाशीपोटी धावू नका आणि पोटभर खाऊनही नाही, तास-दीड तास आधी थोडं काहीतरी. शेवटी कांदेपोहे, तर्री आम्ही मुद्दामच ठेवली नाही. मेडलऐवजी सुताची माळ घातली, कापूस आमचाच आहे. हार्ट पेशंटना नंबर काढले नाहीत, पोलीस भरतीच्या पोरांची १० किलोमीटरची वेगळी शर्यत झाली तिला नंबर होते, त्यांना चुरस लागते.

द्यायला जाताना गाड्या भरून जाऊ नका. हॉस्पिटलला विचारून दिवस घ्या, ओपीडीची गर्दी नसेल तो, आणि पाचच माणसं जा. वॉर्डात फोटो काढायचे नाहीत, कोणाचा पेशंट कुठल्या अवस्थेत असेल सांगता येत नाही. आयसीयूत फुलं नेऊ नका. डॉक्टरांना वैयक्तिक काही देऊ नका, पण आभार सगळ्यांचे माना, नुसते मोठ्या डॉक्टरांचे नाही. मला रात्री तीन वाजता भीती वाटून रडू आलं तेव्हा जवळ बसल्या त्या सफाईच्या मावशी होत्या. आम्ही प्रत्येकासाठी एक कागद लिहून नेला होता, सिस्टर, ईसीजी काढणारे दादा, स्ट्रेचर ढकलणारे मामा, मावशी, कोणी माझ्यासाठी काय केलं ते दोन-तीन ओळीत, छापील नाही, हाताने. ब्लँकेटं मोजून दिली, नोंद रजिस्टरला झाली का ते बघितलं, पावती घेतली आणि निघालो.

शिट्ट्या, जॅकेट, मोजायची दोरी, दोन माठ, उरलेल्या सेफ्टी पिना आणि सगळ्या अर्जांच्या झेरॉक्स एका पेटीत घालून अंगणवाडीत ठेवल्यात. जवळपासच्या गावाला दौड घ्यायची असेल तर घेऊन जा, झाली की धुऊन परत आणून द्या, शिट्ट्या गरम पाण्यातून काढून.